लाल सफरचंद : रंग पाहावा की चव?

भाद्रपद सरून आश्विन लागला, की सालेकसा येथील बाजारात दोन फळे शेजारी शेजारी दिसू लागतात. एक फळ पुठ्ठ्याच्या पेटीतून, कागदाच्या गादीवर बसून, हिमाचल प्रदेशातून अथवा काश्मीरमधून दीड-दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून येते. गडद लाल, चकचकीत आणि बुडाशी पाच उंचवटे असलेले हे फळ म्हणजे ‘डिलिशस’ जातीचे सफरचंद होय. दुसरे फळ दरेकशाच्या बाजूच्या डोंगरउतारांवरून टोपलीत बसून येते. ते हिरवट, खडबडीत आणि धुळीने माखलेले सीताफळ होय. पहिले फळ विक्रेता फडक्याने पुसून एकावर एक रचून ठेवतो; दुसरे पोत्यावर ओतले जाते. पहिले तराजूने जाते, दुसरे टोपलीच्या अंदाजाने. टोपली विकून हाती आलेल्या पैशांतून तीन-चार सफरचंदे पदरात बांधून घराकडे निघालेली बाई ह्या भागात कोणालाही नवी नाही. बहुधा घरी कोणी आजारी असते, आणि आजाऱ्याला सफरचंद न्यावे ही रीत आता खेड्यापाड्यांतही रुळली आहे.

सफरचंद खाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. ते उत्तम फळ आहे आणि योग्य वेळी, योग्य पारख करून घेतले, तर त्याच्यासारखा गोड व करकरीत घास दुसऱ्या फळात क्वचितच मिळतो. परंतु कष्टाचा पैसा देऊन घेतलेले हे फळ पुष्कळदा घरी गेल्यावर पिठाळ व बेचव निघते. ह्याचे कारण एकच. ते घेताना रंग पाहिला जातो, पक्वता पाहिली जात नाही. रंगावर विसंबण्याची ही सवय खाणाऱ्याचे नुकसान करतेच, पण पिकविणाऱ्याचेही करते. आणि ‘डिलिशस’ सफरचंदाचा स्वतःचा इतिहास हाच त्याचा मोठा पुरावा आहे. तो इतिहास सालेकशाच्या शेतकऱ्यानेही समजून घेण्यासारखा आहे.

एका झाडाची हकीकत

अमेरिकेतील आयोवा राज्यात पेरू नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याची सफरचंदाची बाग होती. १८७० नंतरच्या दशकात त्याच्या बागेत ओळी सोडून भलत्याच जागी एक रोप उगवले. बागेची शिस्त मोडते म्हणून त्याने ते कापले. ते पुन्हा फुटले. त्याने पुन्हा कापले, तरीही ते फुटले. एवढी जगण्याची जिद्द आहे तर जगू द्यावे, असा विचार करून त्याने ते राखले. काही वर्षांनी त्याला फळे आली. ती पिवळसर अंगावर लाल रेषा असलेली, सुवासिक आणि अतिशय गोड होती. हायटने ह्या जातीला ‘हॉकआय’ असे नाव दिले.

१८९३ साली मिझूरी राज्यातील लुइझियाना ह्या गावी स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने फळांचे प्रदर्शन भरविले. हायटने आपली फळे तेथे पाठविली. रोपवाटिकेच्या चालकाने एक फळ चाखले आणि तो प्रसन्न झाला. परंतु पाठविणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी हरवली होती. दुसऱ्या वर्षी हायटने पुन्हा फळे पाठविली तेव्हा मालकाचा पत्ता लागला. रोपवाटिकेने त्या झाडाचे हक्क विकत घेतले आणि जातीला ‘डिलिशस’, म्हणजे ‘रुचकर’, असे नाव दिले. पुढे त्याच रोपवाटिकेने एका पिवळ्या जातीला ‘गोल्डन डिलिशस’ म्हटले, तेव्हा ह्या जातीला ‘रेड डिलिशस’ म्हणण्याचा प्रघात पडला. येथे एवढे ध्यानात ठेवावे की, ह्या फळाला बक्षीस मिळाले आणि नाव मिळाले ते चवीमुळे. तेव्हा ते आजच्याइतके लालही नव्हते.

हे झाड भारतात आले त्याची हकीकतही अशीच चवीची आहे. हिमालयाच्या कुलू खोऱ्यात १८७० च्या सुमारास एका इंग्रज अधिकाऱ्याने विलायती सफरचंदे लावली होती. त्या फळांत आंबटपणा अधिक असल्यामुळे देशी गिऱ्हाइकांत त्यांना फारशी मागणी नव्हती. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जन्मलेले सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स हे १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले, सिमल्याजवळील कोटगढ भागात स्थायिक झाले आणि तेथीलच कन्येशी त्यांनी विवाह केला. डोंगरातील शेतकऱ्याचे दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. १९१६ च्या सुमारास त्यांनी ‘डिलिशस’ची कलमे अमेरिकेहून आणून आपल्या बागेत लावली, आणि ती जगतात, फळतात व फळ गोड निघते अशी खात्री झाल्यावर शेजाऱ्यांनाही ती लावावयास प्रवृत्त केले. बेगारीच्या जुलमी प्रथेविरुद्ध ते उभे राहिले, १९२१ साली असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेले आणि १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून ते सत्यानंद झाले. १९४६ साली त्यांचे निधन झाले. आज हिमाचलाच्या डोंगरांतील हजारो कुटुंबांचा संसार सफरचंदावर चालतो, त्याचा पाया ह्या बागेत आहे.

विस्तारकार्य करणाऱ्यांनी ह्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. स्टोक्स ह्यांनी प्रथम खाणाऱ्याची आवड ओळखली, आणि नंतर त्या हवामानात टिकणारी जात निवडली. शेजाऱ्याला रोप लावा म्हणून सांगण्यापूर्वी त्यांनी ते स्वतःच्या जमिनीत लावून पाहिले.

रंगाने चव कशी गिळली

‘डिलिशस’ची कीर्ती पसरल्यावर बागाईतदारांना तिच्या काही झाडांवर एखादीच फांदी निराळी आढळू लागली. त्या फांदीवरील फळे इतर फळांच्या आधी लाल होत आणि अधिक गडद दिसत. १९२० नंतरच्या काही वर्षांत न्यू जर्सी राज्यात अशी एक फांदी सापडली आणि तिच्या डोळ्यांपासून नवी कलमे बांधण्यात आली. मग हाच प्रघात पडला. प्रत्येक पिढीत अधिक लाल फांदी शोधावी, तिची कलमे करावी आणि जुनी झाडे काढून ती लावावीत. दूरच्या बाजारात फळ दिसावयास सुंदर असले की खपते, आणि जाड सालीचे असले की प्रवासात दबत नाही. एवढाच हिशेब त्यामागे होता.

ह्या हिशेबात एक चूक होती. फळ आधी लाल होऊ लागले म्हणजे ते आधी पिकू लागले, असे झाले नाही. सफरचंदात प्रथम पिष्ट साठते आणि झाडावर पक्वता येताना त्या पिष्टाची साखर होते. रंग लवकर आला म्हणून फळ लवकर तोडले गेले, आणि साखर होण्यापूर्वीच ते पेटीत बसले. शिवाय निवड रंगाची झाल्यामुळे सुवासाकडे व गराकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. साल जाड व किंचित कडवट झाली. फळ आतून पिठाळ होऊन गेले तरी बाहेरून लालच दिसत राहिले.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९८० नंतरच्या दशकात एकूण सफरचंदांपैकी तीन-चतुर्थांशाच्या जवळपास फळे ह्या एकाच जातीची होती. पण गिऱ्हाईक किती दिवस फसणार? ‘गाला’, ‘फुजी’ अशा दिसावयास कमी लाल परंतु चवीला सरस जाती बाजारात आल्या, तसे लोक तिकडे वळले. बागाईतदारांचे इतके नुकसान झाले की, २००० साली त्यांच्या मदतीसाठी अमेरिकी सरकारला मोठी रक्कम मंजूर करावी लागली. अर्धशतकाहून अधिक काळ पहिल्या क्रमांकावर असलेल्या ह्या जातीला २०१८ साली ‘गाला’ने मागे टाकले. ज्या फळाचे नावच ‘रुचकर’ असे होते, ते चव गमावल्यामुळे मागे पडले. शेतकऱ्याने कोणत्याही पिकाचे बी निवडताना ही गोष्ट आठवावी.

बाजारात पारख कशी करावी

ह्याचा अर्थ ‘डिलिशस’ सफरचंद वाईट आहे असा मुळीच नव्हे. उंचावरील बागेत झाडावर पक्व झालेले आणि वेळेवर बाजारात आलेले ‘डिलिशस’ आजही गोड, रसाळ व सुवासिक असते. त्याला आंबटपणा फार कमी असल्याने लहान मुलांना व वृद्धांना ते विशेष रुचते. प्रश्न फक्त पारखण्याचा आहे.

पहिली पारख हंगामाची. आपल्या देशातील हे फळ साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तोडले जाते. म्हणून दसऱ्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा काळ ते खाण्यास सर्वांत चांगला. उन्हाळ्यात मिळणारे फळ शीतगृहात हवा नियंत्रित करून महिनोन्‌महिने ठेवलेले असते. ते तेथे टिकते, पण एकदा बाहेरच्या उन्हात आले, की झपाट्याने मऊ पडते. उन्हाळ्यात पेटीभर फळे घेण्यात शहाणपण नाही. लागतील तेवढीच घ्यावीत.

दुसरी पारख हाताची. फळ आकाराच्या मानाने जड आणि दाबास घट्ट असावे. अंगठ्याने हलकेच दाबले असता खळगा पडत असेल, तर ते आतून पिठाळ झाले असे समजावे. फार मोठी फळे मध्यम फळांपेक्षा लवकर मऊ होतात. म्हणून मध्यम आकाराची निवडावीत. ती वजनात अधिक नग बसतात आणि घरातील प्रत्येकाला एक देता येते.

तिसरी पारख खऱ्या रंगाची. फळाच्या लाल रंगाखाली एक मूळ रंग असतो. तो बुडाच्या खळग्यात अथवा देठाजवळ, जेथे लाली पुरती चढलेली नसते, तेथे दिसतो. हा मूळ रंग गर्द हिरवा असेल तर फळ कच्चे तोडलेले आहे. तो फिकट पिवळसर, सायीसारखा झालेला असेल तर फळ पक्व आहे. विक्रेत्याने फळांची मांडणी बाहेरून लाल बाजू दिसेल अशी केलेली असते. गिऱ्हाइकाने फळ उलटे करून पाहावे.

चौथी पारख वासाची. पक्व सफरचंदाला देठाजवळ गोड वास येतो. वासच नसेल तर चवीची अपेक्षा करू नये. आंबूस वास असेल तर ते फळ घेऊच नये.

फळावरील चकाकी पाहून घाबरण्याचे कारण नाही आणि भुलण्याचेही नाही. फळातील ओलावा टिकावा म्हणून त्यावर मेणाचा पातळ लेप देतात. मधमाश्यांचे मेण, कार्नोबा नावाच्या ताडवृक्षाचे मेण किंवा लाखेचे मेण वापरण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांत परवानगी आहे. पळसावर आणि कुसुमावर जी लाख होते, तिचाच हा एक उपयोग होय. असे फळ कोमट पाण्यात चोळून धुवावे आणि पुसून घ्यावे, म्हणजे मेणाबरोबर धूळ व फवाऱ्याचे वरवरचे अंशही पुष्कळसे निघून जातात.

शाळेत अथवा ग्रामसभेत दाखविण्यास एक सोपा प्रयोग आहे. सफरचंदाची आडवी फोड कापून तिच्यावर जखमेला लावावयाच्या आयोडीनचे पातळ पाणी लावावे. जेथे पिष्ट शिल्लक असेल तेथे फोड निळी-काळी होते; जेथे साखर झाली असेल तेथे रंग बदलत नाही. बाहेरून सारखी लाल दिसणारी दोन फळे आतून किती वेगळी असतात, हे मुलांनाही क्षणात कळते. अशी आयोडीन लावलेली फोड मात्र खाऊ नये, कोणाला खाऊही देऊ नये. प्रयोगानंतर ती टाकून द्यावी.

कसे ठेवावे आणि कसे खावे

सफरचंद उष्णतेत जितके दिवस राहील तितके ते मऊ पडते. घरात शीतकपाट असल्यास ते तेथे ठेवावे. नसल्यास प्रत्येक फळ कागदात गुंडाळून, ओल्या वाळूत बसविलेल्या मडक्यात ठेवावे व मडक्यावर ओले फडके घालावे. एखादे फळ डागाळले असेल तर ते आधी खावे, कारण एका फळाची कूज दुसऱ्यास लागते. सफरचंदातून एक प्रकारचा वायू सतत बाहेर पडतो. त्याच्या योगाने जवळच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात. म्हणून ते भाजीच्या टोपलीत ठेवू नये. ह्याच गुणाचा उपयोगही करून घेता येतो. पूर्ण वाढलेली कच्ची केळी वा सीताफळे तणसात ठेवताना मध्ये एक पिकलेले सफरचंद ठेवले, तर ती फळे लवकर व सारखी पिकतात.

‘डिलिशस’ हे कच्चेच खाण्याचे फळ आहे. सालीसकट खावे, कारण तंतू आणि इतर उपयुक्त द्रव्ये सालीत व सालीलगत अधिक असतात. फोडी आयत्या वेळी कराव्यात. आधी करावयाच्या झाल्यास त्यांना लिंबाचा रस चोळावा, म्हणजे त्या तांबूस पडत नाहीत. वर किंचित मीठ भुरभुरले, तर ह्या फळाचा गोडवा अधिक उठून दिसतो. मूठभर फुटाण्यांबरोबर किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर खाल्ल्यास मुलांची दुपारची न्याहारी चांगली होते. पिठाळ झालेले फळ फेकून देऊ नये. ते किसून थोड्या गुळात मंद आचेवर शिजवावे; पोळीबरोबर ते मुले आवडीने खातात. सहा महिन्यांवरील बालकास द्यावयाचे असेल तर फोडी उकडून, कुसकरून द्याव्यात. कडक फोड लहान बालकाच्या हाती देऊ नये, ती घशात अडकण्याचा धोका असतो.

आता आजाऱ्याविषयी. सफरचंद पचावयास हलके आहे, पण ते औषध नव्हे. १०० ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व अवघे चार-पाच मिलिग्रॅम असते. तेवढ्याच पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. सीताफळापासून मिळणारी ऊर्जा सफरचंदाच्या जवळजवळ दुप्पट असते. ज्या घरी मजुरीवर दिवस निघतो, त्या घराने आजाऱ्यासाठी दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा केवळ लाल रंगावर खर्च करावा आणि अंगणातील पेरू पाखरांना सोडावा, हे योग्य नाही. परवडेल तेव्हा सफरचंद आवडीने खावे. पण आजाऱ्याला तेच पाहिजे ह्या समजुतीने कर्ज काढून आणू नये.

येथे लागवड करावी काय?

अलीकडे सफरचंदाची रोपे घेऊन येणारे विक्रेते मैदानी जिल्ह्यांतही फिरतात. त्यांच्याजवळ लाल फळांनी लगडलेल्या झाडाची रंगीत चित्रे असतात. शेतकऱ्याने ह्या बाबतीत सावध असावे. ‘डिलिशस’ जातीच्या झाडाला हिवाळ्यात सुमारे हजार तास सात अंश सेल्सिअसपेक्षा कमी थंडी लागते. तेवढी विश्रांती मिळाली नाही तर त्याचे डोळे धड फुटत नाहीत आणि फुलोरा येत नाही. गोंदिया जिल्ह्यात थंडीच्या काही रात्री पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो खरा, पण दिवस उबदार असतात आणि असे दिवस थोडे असतात. ह्या हवेत ‘डिलिशस’ फळणार नाही.

कमी थंडीवर येणाऱ्या जाती आहेत. इस्रायलमधील ‘अ‍ॅना’, बहामा बेटांवरील ‘डॉर्सेट गोल्डन’ आणि हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा ह्यांनी निवडलेली ‘एचआरएमएन-९९’ ह्या त्यांपैकी होत. शर्मा ह्यांच्या जातीच्या चाचण्या देशाच्या अनेक उष्ण भागांत झाल्या असून काही ठिकाणी तिला फळेही आली आहेत. त्यांच्या प्रयत्नांचा गौरव म्हणून २०२५ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. परंतु ही जात म्हणजे बाजारातील गडद लाल ‘डिलिशस’ नव्हे, हे ध्यानात असावे. तिची फळे जूनच्या सुमारास, म्हणजे मृगाच्या तोंडाशी तयार होतात. आणि तेव्हा धानाच्या शेतकऱ्याचे हात पऱ्ह्याच्या कामात गुंतलेले असतात. ज्याला हौस असेल त्याने विहिरीजवळ एक-दोन झाडे लावून चार-पाच वर्षे अनुभव घ्यावा. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्यावाचून एकरभर बाग लावण्याचे धाडस करू नये आणि चित्र पाहून तर मुळीच करू नये.

तीच पारख सीताफळाला

सीताफळ हे येथील डोंगरांत इतके रुजले आहे की, ते बाहेरून आले असे कोणाला वाटणार नाही. वास्तविक तेही मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. फळ कोठून आले ह्यापेक्षा ते कोठल्या मातीत आनंदाने वाढते, हे महत्त्वाचे. सफरचंद कोटगढच्या मातीत रुजले. सीताफळ दरेकशाच्या उतारावर. येथे त्याला पाणी द्यावे लागत नाही, खत द्यावे लागत नाही आणि जनावरेही त्याची पाने खात नाहीत.

असे असताना त्याला भाव का मिळत नाही? कारण ते कच्चे तोडले जाते. सीताफळ पक्व होऊ लागले म्हणजे त्याचे डोळे उघडतात. डोळ्यांमधील फटी रुंदावतात आणि त्या पिवळसर पांढऱ्या दिसू लागतात. असे फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत उत्तम पिकते. डोळे मिटलेले असताना तोडलेले फळ मात्र सुरकुतते, काळे पडते आणि त्याला गोडी येत नाही. व्यापारी हे जाणतो, म्हणून तो टोपलीचा भाव पाडतो. तोडणाऱ्यालाही हे ठाऊक असते. तरीही तो कच्चे तोडतो; कारण आपण झाडावर ठेवले तर दुसरा तोडून नेईल अशी भीती त्याला असते. अमेरिकेतील बागाईतदाराला रंगाची घाई होती, येथील संग्राहकाला शेजाऱ्याची धास्ती आहे. दोन्ही ठिकाणी फळ पक्व होण्यापूर्वीच हातचे जाते.

ह्यावर उपाय एकट्याच्या हाती नाही, पण गावाच्या हाती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना गौण वनोपजाचे संकलन आणि विक्री ह्यांची व्यवस्था स्वतः ठरविता येते. अशा ग्रामसभांनी सीताफळ तोडण्याची तारीख ठरवावी, त्यापूर्वी कोणीही झाडाला हात लावू नये असा ठराव करावा आणि तो सर्वांनी पाळावा. फळे तोडताना मोठी व लहान अशी प्रतवारी करावी, पोत्यात न कोंबता टोपलीत तणसाचे थर देऊन भरावीत आणि विक्री एकत्र करावी. रेल्वेमार्ग दाराशी आहे. सालेकसा व दरेकसा ही दोन्ही स्थानके मुंबई-हावडा मार्गावर आहेत. एका बाजूस गोंदिया आणि नागपूर, दुसऱ्या बाजूस डोंगरगड आणि रायपूर ह्या बाजारपेठा आहेत. पक्व, निवडक आणि न दबलेले फळ घेऊन जाणाऱ्या गावाला टोपलीच्या अंदाजाने माल विकण्याची गरज राहणार नाही.

सीताफळ शीतकपाटात फार थंडीत ठेवू नये. त्याची साल काळी पडते. त्याच्या बिया विषारी असतात. त्या कुटू नयेत, आणि उवांवर म्हणून त्यांची पूड केसांना लावू नये. ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्याने ह्या विषयावर भाषण करण्यापेक्षा एक लहानसे प्रात्यक्षिक करावे. अंगणवाडीत अथवा आश्रमशाळेत चार ताटल्यांत सफरचंद, पेरू, सीताफळ आणि हंगामी बोरे ठेवावीत. मोठ्या मुलांचे डोळे रुमालाने बांधून प्रत्येक फळाची चव द्यावी आणि कोणते अधिक गोड लागले ते विचारावे; बोरे व सीताफळ बी काढूनच द्यावे. डोळे उघडे असताना आणि मिटले असताना मिळणारी उत्तरे पुष्कळदा वेगळी येतात. पालकांना बोलावून त्यांच्यासमोर हे केल्यास त्याचा परिणाम अधिक होतो.

दुसरे काम लागवडीचे. प्रत्येक घराच्या सांदवाडीत दोन पेरू, एक आवळा आणि दोन सीताफळे एवढी पाच झाडे सहज मावतात. न्हाणीच्या सांडपाण्यावर ती जगतात. पेरूसाठी ‘सरदार’ ही जात घ्यावी. तिला ‘लखनौ-४९’ असे म्हणतात, परंतु तिची निवड पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात झाली. फळ दिसावयास साधे, पिवळसर आणि किंचित खडबडीत. पण ते गराने भरलेले व गोड असल्यामुळे देशभर पसरले. जी जात चवीवर निवडली गेली ती टिकली, ह्याचे हे आपल्याच राज्यातील उदाहरण होय. सीताफळासाठी ‘बाळानगर’ जातीची कलमे मिळतात. त्याचबरोबर आपल्या डोंगरातील ज्या झाडाचे फळ मोठे, गोड आणि कमी बियांचे निघते, त्या झाडाला खूण करून त्याचीही कलमे बांधावीत. हायटच्या बागेतील ते रोप कोणी मुद्दाम लावलेले नव्हते. त्याची चव ओळखणारा माणूस मात्र तेथे होता. अशी झाडे दरेकशाच्या उतारावरही असतील. ती शोधावी लागतील.

दसऱ्याच्या बाजारात लाल सफरचंद येत राहील आणि यावेही. फळ उलटे करून बुडाचा रंग पाहावा, वास घ्यावा, हाताने तोलावे आणि मग आनंदाने खावे. हीच पारख आपल्या टोपलीतील फळालाही लावली, म्हणजे डोळे उघडण्यापूर्वी सीताफळ तोडले जाणार नाही आणि टोपली अर्ध्या किमतीला जाणार नाही. टोपली विकून सफरचंद नेणाऱ्या बाईच्या पदरात तेव्हा फळही चांगले असेल आणि चार पैसेही शिल्लक राहतील.